लहान भांडं पुढं

परवा सकाळी दुकानाची फळी उघडली आणि समोर बघितलं, तर दूध संस्थेच्या अंगणात भांड्यांची रांग लागलेली. माणूस एकही नाही, नुसती भांडी. सगळ्यात पुढं दोन-तीन कळश्या, मग स्टीलचे हंडे, मग लाल-हिरव्या प्लास्टिकच्या घागरी आणि पार शेवटी, भिंतीला टेकलेले निळे ड्रम. म्हटलं, झालं, यंदाही टँकर सुरू झाला. कडुलिंब फुललाय, दहा वाजताच रस्ता तापतोय, आणि चौसाळ्याहून येणारी गाडी धुरळ्याआधी हॉर्न पाठवतेय. हा उन्हाळा मला ओळखीचा आहे.

शेजारच्या घरात यंदा नवी सून आली आहे, वडवणीकडची. पोरगी चौकस आहे. साखर घ्यायला आली आणि रांगेकडं बघून म्हणाली, काकू, तुमच्या गावात लहान भांडं पुढं आणि मोठं मागं असं कावून? आमच्याकडं तर जो आधी येईल तो पुढं. मी म्हटलं, सासूला विचार. तर म्हणाली, विचारलं की, त्या म्हणल्या आमच्याकडं पहिल्यापासून असंच हाय. मला हसू आलं आणि लगेच विरलंही. पहिल्यापासून वगैरे काही नाही. कोणत्या सकाळपासून ते मला नेमकं ठाऊक आहे, कारण त्या सकाळी त्या अंगणात सगळ्यात मोठ्यानं ओरडणारी बाई मीच होते.

माझं तोंड तसं पहिल्यापासूनच फटकळ. आमचे हे म्हणतात, तुझ्या बोलण्यानं गिऱ्हाईक तुटत नाही हीच महादेवाची कृपा. हे तेव्हा दूध संस्थेचे सचिव होते. सकाळ-संध्याकाळ संस्थेत दुधाची फॅट मोजायचे आणि मधल्या वेळी दुकानात बसायचे. संस्था म्हणजे रस्त्याच्या पलीकडं पत्र्याच्या दोन खोल्या, दूध थंड करायची टाकी, पुढं मोठं अंगण आणि अंगणात कॅन धुवायचा सिमेंटचा हौद. आंबूस दुधाचा आणि ओल्या सिमेंटचा वास रस्ता ओलांडून दुकानातल्या गुळापर्यंत यायचा. लग्न होऊन आले तेव्हा तो वास नको वाटायचा. त्या दुष्काळाच्या वर्षी तो कमी कमी होत गेला आणि आम्ही धास्तावलो. ढोरं चारा छावणीला गेली होती, घरातले बाप्ये ढोरांपाशी, आणि संस्थेत चार कॅनांच्या जागी एक कॅन भरेना.

पालीजवळचं बिंदुसरेचं धरण आटलं तेव्हा लोक गाड्या काढून त्याचा तळ बघायला गेले. आम्हीही गेलो. भेगाळलेल्या चिखलावर पोरं क्रिकेट खेळत होती.

त्याच हिवाळ्यात संस्थेला राखणदार म्हणून एक नेपाळी माणूस मिळाला. आधी महामार्गावरच्या ढाब्यावर भांडी घासायचा. त्याचं नाव टेकबहादूर, पण गावानं पहिला अर्धा भाग कधी विचारलाच नाही. बहादूर म्हणायचे सगळे, मीसुद्धा. अंगणाच्या कडेची खोली त्याला राहायला दिली आणि खोलीच्या बदल्यात रोज सूर्य उगवायच्या आत अंगण झाडायचं ठरलं. चैत्रात तो चार दिवस रजेवर गेला म्हणता म्हणता पंधरा दिवसांनी परत आला, तो बायकोला घेऊन. ती मनमाया.

बुटकी, गोऱ्या-तांबूस रंगाची, आणि हसली की डोळे मिटून जायचे. पहिल्याच दिवशी पाठीवर घागर घेऊन बाहेर पडली. डोक्यावर नाही, पाठीवर, आणि घागरीखालून घेतलेला पट्टा कपाळावर. दोन्ही हात मोकळे. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मी तर दुकानातून म्हटलं, बाई का बैल? तिला कळलं नाही, ती माझ्याकडं बघून हसली.

दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसायचं, तेव्हा ती यायची आणि न सांगता गहू निवडायला बसायची. मोडक्या हिंदीत बोलायची, मीही तसल्याच हिंदीत. तिच्या गावात म्हणे डोंगरातून पाणी येतं आणि दगडी तोटीतून रात्रंदिवस पडत राहतं. कोणी ती बंद करत नाही, बंद करायला काही असतच नाही. भांडं खाली धरायचं, भरलं की उचलायचं. इथं आल्यावर पहिले काही दिवस तिला झोप लागली नाही, कारण पाण्याचा आवाज नव्हता. मला हे ऐकून गंमत वाटली. आमच्याकडं पाण्याचा आवाज आला की झोप उडते.

एकदा ती सकाळी गेली ती उन्हं चढल्यावर परतली. पाय धुळीनं भरलेले, ओठ फाटलेले. कुठं गेलती म्हटलं, तर बालाघाटाच्या डोंगराकडं बोट केलं. डोंगर आहे म्हणजे कुठून तरी पाणी उतरत असणार, असा तिचा हिशेब. डोंगराला पाणी नसतं हे तिला पटेचना. मी माठातलं अर्धा तांब्या पाणी दिलं तेव्हा ती ते तीन घोटांत प्यायली आणि तिनं तांब्या उलटा करून बघितला. भाकरी तिला जमत नव्हती, थापताना कडा फुटायच्या. भाताशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही म्हणायची. बाजारातून मुळ्याचा पाला आणून तो आंबवून, वाळवून ठेवायची आणि त्याचं आंबट कालवण करायची. वासानं मी नाक धरलं होतं, चव घेतली आणि वाटी चाटून ठेवली. पण हे कोणाला सांगितलं नाही.

आता रांगेचं सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

टँकर आधी गावच्या विहिरीत ओतायचे. तिथं रोज भांडणं, एक बाई कठड्यावरून पडता पडता वाचली. तेव्हा संस्थेनं ठरवलं, पाणी आपल्या हौदात घ्यायचं आणि हौदाच्या तीन तोट्यांवरून नंबरानं वाटायचं. नियम केला, एका घराला एक भांडं. ऐकायला किती सरळ. पण नियम करणाऱ्या संचालकांच्या घरी ड्रम होते आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या गयाबाईच्या घरी एक कळशी. एक भांडं म्हणजे कोणाला ड्रम, कोणाला कळशी. हे तेव्हा मला दिसलं नाही असं म्हणणार नाही. आमचाही ड्रमच होता.

नंबर भांड्यानं लावायचा. आदल्या संध्याकाळी आपलं भांडं रांगेत ठेवायचं आणि घरी जायचं. भांडं नसलं तर फुटका डबा, दगड, नाही तर तुटक्या पट्ट्याची एक चप्पल. दगडावर कोणी चुन्यानं खूण केलेली. कोणती चप्पल कोणाची, कोणता डबा कोणाचा हे अख्ख्या गावाला पाठ. पाण्यासाठी एरवी एकमेकांच्या झिंज्या धरणारी माणसं, पण त्या फुटक्या चपलेला कोणी हात लावत नव्हतं. आपल्याकडं दुष्काळानं शिकवलेली ही एक रीत. बाहेरच्या माणसाला ती कळायची कशी?

टँकर हौदात यायला लागून तिसरा दिवस असेल. मनमायाला येऊन महिना झाला होता, पण पहाटेचं झाडणं अजून नवराच करायचा. त्या दिवशी टेकबहादूर छावणीवरचं दूध आणायला पहाटेच गेलेला. ही एकटी उठली, झाडू घेऊन अंगणात आली आणि बघते तर काय, सगळ्या अंगणभर वेडीवाकडी भांडी, डबे, दगड आणि जोड नसलेल्या चपला. आदल्या दोन दिवशी नवरा रांगेच्या कडेकडेनं झाडायचा, ते हिला काय माहीत.

तिनं अंगण स्वच्छ केलं. दगड कुंपणाबाहेर टाकले. चपला उकिरड्यावर. भांडी एकेक करून कोरड्या राखेनं घासली, अशी की ज्याची त्याला ओळखू येईनात. आणि मग हौदाशी ओळीनं मांडली, लहान भांडं पुढं, त्याहून मोठं त्याच्यामागं, आणि ड्रम ढकलत नेऊन शेवटी भिंतीला लावले. मग दारात बसली, कोणी येऊन बरं म्हणेल म्हणून.

टँकर आला आणि गाव आलं. पुढचा अर्धा तास काय झालं ते शब्दांत बसत नाही. माझा नंबर चौथा होता, माझा सातवा होता, माझी चप्पल कुठंय, हा हंडा माझा का तुझा. ड्रायव्हरला पुढं अजून दोन गावं करायची होती, तो हौदात पाणी सोडून निघून गेला. चेरमन बाबाराव अजून यायचे होते, आमच्या यांना कोणी जुमानेना. तेवढ्यात गयाबाईनं, काही न बोलता, समोर होती ती आपली कळशी तोटीखाली धरली. तिच्यामागच्यानं आपली. मग सगळे जसे मांडले होते तसे भरत गेले. हंडे झाले, घागरी झाल्या, आणि ड्रमांपाशी येईपर्यंत तोट्यांनी नुसती हवा सोडली. सात ड्रम कोरडे राहिले. त्यातला एक आमचा.

मी रस्ता ओलांडून तिच्यापुढं उभी राहिले. घरी पाहुणे होते, धुण्याचा ढीग होता, आणि माझ्या अंगाची लाही लाही झालेली. सगळ्या गावादेखत म्हणाले, "कुठून आलीस गं बाई तू? पानी पाह्यलं न्हाईस का कधी?"

तिला तेवढं मराठी समजत होतं. तिनं मान खाली घातली आणि हातातली राख पदराला पुसली.

त्याच दुपारी संचालकांनी सांगून टाकलं, या लोकांना आपली रीत कळत नाही, दुसरा राखणदार बघा. चौथ्या दिवशी सकाळी, दूध घालून झाल्यावर, संस्थेच्या ओसरीत बसून ठराव करायचा. नोकरी गेली म्हणजे खोलीही गेली. टेकबहादूर आमच्या यांच्यापाशी येऊन हात जोडून उभा राहिला. परत जायला तोंड नाही म्हणाला, गावात घर दरडीखाली गेलंय, बायकोला ह्याच खोलीच्या भरवशावर आणलंय. हे म्हणाले, मी एकटा काय करणार. आत येऊन मला म्हणाले, तू त्या दिवशी एवढं बोलली नसतीस तर प्रकरण एवढं वाढलं नसतं. मी म्हटलं, मग तुम्ही बोलायचं होतं ना.

संध्याकाळी गयाबाई दुकानात आली. सत्तरीची एकटी बाई, गावकुसाला घर. चहाची पुडी मागितली. एरवी आठवड्याला एक न्यायची, त्या आठवड्यातली ही दुसरी. मी सहज म्हटलं, पाहुणे आलेत का? तर म्हणाली, "न्हाई वं. आज लई दिवसांनी दोनदा च्या केला."

मी पुडी दिली. ती गेल्यावर मला हिशेब लागला. टँकर विहिरीत पडत होता तेव्हा तिला गर्दीत घुसता येत नव्हतं, आणि हौदाशी आला तेव्हा तिच्यापर्यंत पाणी पोचत नव्हतं. दोन दिवस तिची कळशी कोरडी परत गेली होती आणि ती आमच्याच दारावरून गेली होती. मी दुकानात होते. मी बघितलं नाही.

आणि एक गोष्ट होती जी फक्त मला, टेकबहादूरला आणि बाकीच्या ड्रमवाल्या सहा घरांना माहीत होती. आमचे ड्रम कसे काय रोज पहिल्या सातात? आम्ही काही संध्याकाळी धावत जात नव्हतो. दुपारी, कोणी यायच्या आत, टेकबहादूर ते पुढं लावून ठेवायचा. मीच त्याला सांगितलं होतं, आणि संचालकांनी तर हुकूमच केला होता. चहा पाजून सांगितलं म्हणून माझं सांगणं काही वेगळं होत नाही. हे मनमायाला दिसत असणार, खोलीच्या दारातूनच दिसायचं. त्या दिवशी मी तिच्यावर ओरडले तेव्हा ती एवढंच म्हणाली असती तरी माझी बोलती बंद झाली असती. ती बोलली नाही. तिचा नवराही बोलला नाही. बोलले असते तर आधीच गेले असते.

तीन दिवस मी हे पोटात ठेवलं. उगाच मोठेपणा घेणार नाही, बोलायचं जिवावर आलं होतं. नवरा सचिव, चेरमनच्या घरी लग्नकार्यात पहिला मान आमचा. कोण एक परक्या देशाची बाई, तिच्यासाठी हे सगळं विस्कटायचं? असंच मनात येत होतं, जसंच्या तसं सांगते. दुपारी ती गहू निवडायला आली नाही. पोतं उघडंच पडून राहिलं.

चौथ्या दिवशी ओसरीत सगळे बसले. टेकबहादूर टोपी हातात घेऊन उभा, ती त्याच्यामागं. दूध घालायला आलेले लोक कॅन धरून तिथंच रेंगाळले. मी रस्ता ओलांडून अंगणात गेले, माझा ड्रम परत आणायला असं स्वतःलाच सांगत. चेरमन तिला विचारत होते, भांडी हलवली ती हलवली, पण ड्रम मागं कावून नेले? कोणी सांगितलं? त्यांना वाटत होतं कोणीतरी शिकवलं असणार. ती अर्ध्या हिंदीत, अर्ध्या आमच्या मराठीत म्हणाली, "लहान मागं ठेवला तर दिसत न्हाई."

तिला घरातल्या फडताळाबद्दलच सांगायचं होतं. तिच्या आईनं तिला भांडी मांडायला शिकवली तसं. पण माझ्या डोळ्यांपुढं गयाबाईची कळशी आली.

मी ड्रम आडवा पाडला आणि ढकलत फाटकाकडं निघाले. रिकाम्या ड्रमचा केवढा आवाज. सगळे बघायला लागले. हे म्हणाले, अगं, आत्ता कशाला? मग मी थांबले आणि बोलले.

"हा ड्रम रोज बहादूर पुढं लावतो. मी सांगते म्हणून. तुमचाबी तोच लावतो, चेरमन. तिनं एक दिवस नंबर मोडला, आपण रोज मोडतो. काढायचं तर आधी आपल्याला काढा."

एवढंच. यांच्याकडं बघायची हिंमत झाली नाही, ड्रम ढकलत घरी आले.

ठराव झाला नाही. कोणीतरी म्हणालं पुढच्या बैठकीत बघू, आणि पुढच्या बैठकीत तो विषय कोणी काढला नाही. दूध घालणाऱ्यांनीच त्या संध्याकाळपासून भांडी तशी मांडायला सुरुवात केली, लहान पुढं, मोठी मागं, ड्रमांना उरलं तर. कागदावर तो नियम कधी आलाच नाही. हे माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी चहा मागितला. चेरमनच्या पुतण्याच्या लग्नाची पत्रिका आम्हाला आली नाही. आणि एका दुपारी वर बघितलं तर मनमाया पोत्याशी बसून गहू निवडत होती. कधी आली ते कळलं नाही.

लोक हे सगळं ऐकतात तेव्हा म्हणतात, काकू, तुम्ही मोठं काम केलं. मला ते सोसत नाही. मी माझी चूक कबूल केली, तीही तीन दिवस उशिरा. आणि जे तिच्या तोंडावर बोलले होते त्याची माफी राहूनच गेली. रोज ती समोर बसायची, रोज म्हणायचं म्हणायचं करत मी विषय बदलायची, भाकरी कशी थापायची ते सांगायची. भाकरी तिला येऊ लागली. लई, कावून, न्हाई सगळं बोलायला लागली. मीही एकदा, दुकान बंद असताना, कपाळाला पट्टा लावून पाठीवर हंडा घेऊन बघितला. मान दुखत नाही, खरंच सोपं जातं. तिनं पट्टा सरळ करून दिला आणि डोळे मिटून हसली.

पुढच्या दोन वर्षांत पाऊस बरा झाला. हौदाशी रांग लागायची तेवढ्यापुरती बंद झाली. टेकबहादूरच्या भावानं गावी नवं घर बांधायला काढलं आणि ती दोघं कायमची परत निघाली. महामार्गावर बस धरायची होती. मी पिशवीत भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि थोडं ज्वारीचं पीठ भरून दिलं. बस दिसली तेव्हा म्हटलं आता तरी म्हण. तोंड उघडलं, तेवढ्यात तिनंच माझा हात धरला. तिच्या मनात टोमणा नव्हता, मी तिचा चेहरा नीट बघितलाय. आपण पाहुण्याला जेवायला बोलावतो, तसंच ती म्हणाली.

"दिदी, या आमच्या गावाला एकदा. पानी दाखवते तुमाला."

येते, येते म्हटलं. आपण म्हणतो तसं. तिच्या गावाचं नावही मी विचारलं नाही, बस सुटल्यावर आठवलं.

आता पोरं पुण्याला, घरात आम्ही दोघंच. ड्रम केव्हाच फुटला, त्यात कोथिंबीर लावली होती, तीही यंदा वाळली. दोन माणसांना पाणी लागतं किती? काल संध्याकाळी मी कळशी घेऊन रस्ता ओलांडला. गुडघे दुखतात, पोचायला उशीर झाला, अर्धी रांग लागून गेली होती. मी कळशी शेवटी ठेवायला वाकले, तर वडवणीची ती सून धावत आली, माझ्या हातातून कळशी घेतली आणि पार पुढं, पहिल्या तोटीखाली नेऊन ठेवली.

"काकू, तुमची लहान हाय," ती म्हणाली.

ही रांग पहिल्यांदा कोणी मांडली ते मी तिला सांगितलं नाही. आज सकाळी टँकर आला आणि सगळ्या गावाआधी माझी कळशी भरली.